हिरड्यांची नांगरट

दवाखान्यात किस्से किटणासारखे साठतात बघा. रोज इवलंसं काहीतरी चिकटतं, आपलं लक्षही नसतं. मग एखादे दिवशी कुणीतरी चहाला बसवून विचारतं, "मॅडम, एवढ्या वर्षांत काय काय पाहिलंत?" आणि तेव्हा कळतं, अरे, चांगला जाड थर बसलाय की! आज तुम्ही विचारलंच आहे, तर काढते थोडं खरवडून.

माझा दातांचा दवाखाना भूममध्ये, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली दवाखाना, वर घर. मिस्टर गेल्यापासून वर मी एकटीच. मुलगा बंगळूरला असतो. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, आणि त्यातला निम्मा वेळ "आई, फोन खाली धर, नुसता पंखा दिसतोय" यातच जातो. खाली मात्र दिवसभर माणसं. म्हणून संध्याकाळी शटर ओढायची वेळ झाली की मी उगाच ट्रे पुसत बसते. लोकांना वाटतं, मॅडम कामाला वाघ आहेत!

सोबतीला मंदा. पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरणं, हत्यारं धुऊन मशीनमध्ये लावणं आणि पेशंटला दम देणं ही तिची खाती. सहा वाजले की ती आपल्या घरी जाते.

आमच्याकडं सगळ्यात जास्त काम हिरड्यांचं. तंबाखू, मिश्री, आणि "रक्त येतंय म्हणून ब्रश बंद केला" असली अक्कल! दातावरचं किटण हिरडीच्या खाली उतरतं, हिरडी दात सोडते, दात हलायला लागतात. त्यावर डीप क्लिनिंग करायचं. कापाकापी नाही, टाके नाहीत. हिरडी बधिर करायची आणि दाताच्या मुळाला चिकटलेलं किटण बारीक हत्यारानं खरवडून काढायचं. तोंडाचे चार भाग पाडायचे, हप्त्याला एक भाग करायचा.

मी हे प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन समजावते. समोरचा माणूस जबड्याकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि त्याच्या डोक्यात काहीही शिरत नाही. मग मंदा पुढं होते.

"हे बगा मामा, वरवर दात घासून देत्यात ती कुळवणी. ही नांगरट हाय. खालची ढेकळं वर काढायची!"

लगेच मान डोलते. तेव्हापासून आमच्याकडं डीप क्लिनिंगचं नाव नांगरट. लोक फोन करून विचारतात, "मॅडम, आमच्या मालकिणीची उरलेली नांगरट कधी करताय?"

* * *

वस्तीवर एकटे राहणारे एक आप्पा आहेत. त्यांचा पहिला भाग झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते पायरीवर हजर. शटर अजून उघडायचं होतं.

"मॅडम, दाताच्या मधून वारं जातंय."

"जाणारच, आप्पा. तिथं आधी किटण होतं, आता मोकळं झालंय. हिरडी घट्ट बसली की बरं वाटेल."

"ते काढलेलं कुठंय?"

"कुठंय म्हणजे? टाकून दिलं."

आप्पा खरंच हळहळले. "टाकलं व्हय! म्या म्हणत हुतो, परत बसवता येतंय का बगावं."

मंदा तोंडाला हात लावून हसायला लागली. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, की त्या किटणापायीच आतलं हाड झिजत होतं, ते ठेवलं असतं तर सगळे दात गेले असते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, धोतर झटकलं.

"तुमचं खरं हाय वो. पर इतकी वरसं माज्यासंगं दुसरं कुणी टिकलं न्हाय!"

राहिलेले तिन्ही भाग त्यांनी मुकाट्यानं करून घेतले.

* * *

या रोगात एक गोष्ट फार वाईट असते. तोंडाला वास येतो, आणि ज्याच्या तोंडाला येतो त्याला तो कळत नाही. दुसरं कुणी सांगत नाही. लोक नुसते जरा मागं सरकतात.

एसटीतले एक कंडक्टर होते. परांड्याच्या गाडीवर. दात हलतो म्हणून आले. तपासताना मी म्हणाले, "तोंडाला वास येतो का, घरी कुणी काही म्हणतं का?"

"छ्या! कुणी न्हाय."

मग जरा वेळानं स्वतःच आठवून म्हणाले, "मॅडम, गाडीत माझ्या शिटावर शेजारी कुणी बसत न्हाय. सोनारीच्या जत्रंला गाडी कोंबून भरती, लोक दाराला लोंबकळत्यात, पर शेजारची शिट रिकामी. मला वाटायचं, लोक मान देत्यात!"

मंदा नळी धरून भिंतीकडं बघत राहिली.

चारी भाग झाले. महिन्या-दोन महिन्यांनी ते तपासायला आले ते वैतागूनच. "आता शेजारी बसत्यात. बसत्यात ते बसत्यात, खांद्यावर मान टाकून झोपत्यात, वर घोरत्यात! मॅडम, एका बाजूचं तरी राखायला पायजे हुतं!"

* * *

सुंदराबाई आल्या तो बाजाराचा दिवस होता. बाहेर गर्दी, बाक भरलेला, तरी त्या चपला काढायच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. पदर तोंडावर. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या असतील. मला वाटलं, दाढ ठणकत असेल. आत आल्यावर पदर काढला, आणि मास्क असूनही मी श्वास धरला.

आता हे मी सांगते आहे ते डॉक्टर म्हणून सांगते. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली. दात काळे, हिरड्या सुजलेल्या, बोट लावलं की रक्त. पण दात अजून धरून होते. वाचण्यासारखे होते.

"दुखतंय का?"

"न्हाय. वास घालवायचाय."

असं सरळ सांगणारं माणूस माझ्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"शेजारची बारकी पोर कडंवर घेतली, तर तिनं नाक धरलं. मोठी माणसं खोटं बोलत्यात मॅडम, लेकरू कशाला बोलंल?"

मग हळूहळू सगळं निघालं. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण सुंदराबाईंच्याच पदरात आली. दोघांना वाढवण्यात यांच्या लग्नाचं वय निघून गेलं. बहीण लग्न होऊन पुण्याला. भावाच्या घरात या. त्या भावाला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी आता मुलगा झाला होता. बाळंतीण माहेरी बार्शीला होती. दीडेक महिन्यानं ती बाळ घेऊन यायची आणि मग घरी बारसं.

"म्या मोठी आत्या," सुंदराबाई म्हणाल्या. "पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचंय. कुर्र करायचंय. त्येच्या तोंडापाशी तोंड न्यावं लागतंय, मॅडम. तवर हे जायला पायजे."

मी म्हणाले, "जाईल. पण मिश्री सोडावी लागेल. आजपासून."

त्यावर त्यांनी पदर पुन्हा तोंडावर ओढला. मला वाटलं, सवयीचं दुखणं असणार. पण दुखणं वेगळंच होतं.

"मिश्री सोडली तर सकाळी वट्यावर कुणासंगं बसू? आमी चारपाच बाया रोज मिश्री लावत बसतो. समद्यांच्याच तोंडाला येतोय, म्हणून कुणालाच येत न्हाय! तेवढंच बोलणं हुतं दिवसाचं."

मला तर वट्यावरच्याही बाया नव्हत्या. मंदानं विचारलं, "मग? वटा का बाळ?"

"बाळ," सुंदराबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत मागं टेकल्या.

* * *

मला बोलायची सवय आहे. पेशंटच्या तोंडात हत्यार असतं तेव्हा मी एकसारखी बोलत असते. पाऊस कसा आहे, सोयाबीनला काय भाव लागला, मुलगी कुठं दिली, सगळं विचारते. एक निवृत्त गुरुजी होते, त्यांचे चारही भाग मी असेच बोलत बोलत केले. शेवटचा झाल्यावर त्यांनी चूळ भरली, रुमालानं तोंड पुसलं आणि वर्गात उभं केल्यासारखं माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तोंडात हत्यार असलं की तुम्ही प्रश्न विचारता. हत्यार काढलं की विचारायचं थांबता. तुम्हाला उत्तर नकोच असतं का?"

मी हसण्यावारी नेलं. पण वर गेल्यावर चहा ठेवताना माझ्या लक्षात आलं, की मी गॅसलाही विचारत होते, "काय रे, का पेटत नाहीस?" तिथंही उत्तर येत नव्हतंच. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. गुरुजींचा थोडा रागही आला!

* * *

सुंदराबाईंचा खालचा भाग केला त्या दिवशीची गंमत. खालचा जबडा बधिर केला की त्या बाजूची जीभ आणि ओठही जड होतात. मी कामाला लागणार, तेवढ्यात या खुर्चीतच कुर्र करून बघायला लागल्या. सराव म्हणून! पण जीभ वळेना. नुसतीच थुंकी उडाली, ती थेट मंदाच्या चष्म्यावर.

"अवो बाई," मंदा चष्मा पुसत म्हणाली, "असं केलंत तर लेकराची आंघोळच हुईल!"

सुंदराबाई हसल्या. अर्धंच तोंड हसलं, अर्धं बधिर. आमच्याकडं येऊन त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या, आणि हसताना पदर तोंडावर न्यायचा विसरल्या.

जाताना मी विचारलं, "मिश्री?"

"सोडली. सकाळच्याला वट्याकडं बगत न्हाय. भांडी घासायला घेती. लईच वाटलं तर दुसऱ्यांदा घासती."

* * *

नांगरटीनंतर आम्ही एक गुलाबी औषध देतो, गुळण्या करायला. कडवट असतं. तोंडात मिनिटभर धरायचं. त्यावरून लोक माझ्याशी जेवढे भांडलेत तेवढे सुईवरूनही भांडले नाहीत.

एक जण बाटली घेऊन इथून परस्पर सोनारीला दर्शनाला गेला. तिथं देवळाच्या आवारात माकडं फार. एका माकडानं पिशवी ओढली, बाटली पळवली आणि भिंतीवर बसून रंग बघून टोपण काढलं. घोट घेतला. मग तोंड वेडंवाकडं करून थू थू थुंकलं आणि बाटली ह्याच्याच अंगावर फेकली!

हा दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन माझ्यासमोर. "मॅडम, माकडानं थुकलं की वो! आन् मला तुमी म्हणताय मिनिटभर धरा!"

* * *

तात्या आणि मालनबाई म्हणून एक म्हातारं जोडपं. दोघांची तोंडं दिवसभर भांडणात. मालनबाईंचा पहिला भाग करायचा होता. तात्या दारातूनच म्हणाले, "मॅडम, चारी बाजू एकदमच बधिर करा. घरात जरा शांतता लाभंल." बाहेर बाकावर हशा पिकला.

काम झालं. मालनबाई गालाला हात लावून बाहेर जाऊन बसल्या, तासभर थांबायला सांगितलं होतं. पाच-दहा मिनिटंही झाली नसतील, तात्या आत आले. मग पुन्हा आले. मग तिसऱ्यांदा आले.

"आजून किती येळ असं ऱ्हानार ती?"

"तात्या, दोन-तीन तास जड वाटेल. तुम्हालाच शांतता पाहिजे होती ना?"

तात्या दार धरून उभे राहिले. "म्हणलो हुतो खरं. पर घरी आमी दोघंच हाव, मॅडम. ही बोलली न्हाय तर म्या ऐकू कुणाचं?"

बाकावर आता कुणी हसलं नाही. शेवटच्या भागासाठी आलेल्या सुंदराबाई तिथंच बसल्या होत्या. आता त्या कोपऱ्यात उभ्या राहत नसत, बाकावर बसायच्या, पण अजून अगदी कडेला.

त्या दिवशी त्यांचं काम पुरं झालं. हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं होतं, सूज उतरली होती. मिश्रीचे डागही मी घासून काढले. चूळ भरून त्यांनी विचारलं, "मॅडम, येतोय का आता?"

मी मास्कमध्ये. म्हणून मंदाच पुढं झाली, त्यांच्या तोंडापाशी नाक नेऊन चांगलं हुंगलं. "कायबी न्हाय. बिनघोर कुर्र करा!"

सुंदराबाईंनी आरसा मागून घेतला. बराच वेळ दात बघत बसल्या. बारसं पुढच्याच हप्त्यात होतं. मला स्वतःलाच इतकी घाई झाली होती, की मी त्यांना म्हणाले, "मला येऊन सांगा हं, कसं झालं ते!"

* * *

आता हा शेवटचा. हा मी कुणाला फारसा सांगत नाही.

बारशानंतर हिरड्या तपासायला म्हणून सुंदराबाई आल्या. नवं लुगडं नेसलेल्या. मंदानं दारातच विचारलं, "काय ठेवलं नाव?"

"शिवांश."

"बया, झकास! मग? कुर्र केलं का न्हाय?"

"धाकटीनं केलं. पुण्याचीनं."

मंदा हातातला ट्रे खाली ठेवायचाच विसरली. मी सुंदराबाईंना खुर्चीत बसवलं. त्या सांगत होत्या ते तक्रारीच्या सुरात नव्हतंच. घर पाव्हण्यांनी भरलेलं. या सकाळपासून चुलीपाशी, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवायला. पाळणा सजला, बाया जमल्या, गाणी झाली. मग भावजय म्हणाली, आत्याबाई, या पुढं. आणि सगळ्यांनी वाट करून दिली ती धाकटीला. या दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभ्या.

"नको म्हणालं का कुणी तुमाला?" मंदा तावातावानं म्हणाली.

"न्हाय. कुणी नको म्हणालं न्हाय. ये बी म्हणालं न्हाय."

"पर तुमी बोलायचं की! तोंड आता साफ झालंय म्हणून सांगायचं!"

"झालंय की," सुंदराबाई म्हणाल्या. "पर ते कळाया कुणीतरी जवळ यावं लागतंय न्हवं?"

मी आरसा घेतला आणि त्यांचं तोंड तपासलं. चारी भाग बघितले. हिरड्या गुलाबी, घट्ट, दातांना बिलगून बसलेल्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून फार कमी वेळा झालंय. सरळ भांडायला जावं असं वाटत होतं, आणि भांडायचं कुणाशी तेच कळत नव्हतं.

मी हातमोजे काढले. मास्क काढला. स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि कान पुढं केला.

"सांगा," मी म्हणाले. "मला सांगा."

"तुमाला?" त्या बघतच राहिल्या. "तुमाला काय सांगू? पोराचं नाव तर सांगून झालं."

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचं नाव काय वो?"

बाहेरच्या पाटीवर आडनाव आहे आणि पुढं डिग्री. मुलगा आई म्हणतो, मंदा मॅडम म्हणते, गाव डॉक्टरीणबाई म्हणतं. नावानं हाक मारणारं माणूस गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना नाव सांगितलं. माझंच नाव, पण उच्चारताना मला चोरटं वाटलं.

सुंदराबाई खुर्चीत उठून बसल्या. पदर सारखा केला. दोन्ही हातांचा आडोसा माझ्या कानाभोवती धरला, जसा पाळण्यात वाकून धरतात तसा, आणि अगदी जवळ तोंड आणून म्हणाल्या, "कुर्रर्रर्र..."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "मॅडम, लई येळ हाय का आजून?"

मंदानं दार बोटभर उघडलं.

"थांबा वो," ती म्हणाली, "आत बारसं चाललंय!"